तिनं स्टेबल म्हटलं म्हणून

पणजीजवळच्या आमच्या संस्थेत पीएच.डी. करणाऱ्या आम्ही दोघी एकाच खोलीत बसायचो. मी धारगळची, ती डिचोलीची. खाणींजवळच्या विहिरींचं पाणी किती खोल जातंय, याचं गणित मी मांडत होते. ती उपग्रहाच्या चित्रांवरून काजूच्या बागा ओळखायची.

मला तिचं काही बघवत नसे. प्रिंटर अडला तरी आमचे गाईड सर म्हणायचे, "तिला विचार." तिच्या डब्यातलं भाज्यांचं खतखतं सगळे चाटूनपुसून खायचे, माझं अर्धं धारगळला परत जायचं. ती वाईट असती तर बरं झालं असतं, निदान कुणाकडे तरी कागाळी करता आली असती.

दोघींत मिळून एक मोठा कॉम्प्युटर आला. त्यावर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची कुठली शाखा घालायची, हे सरांनी आम्हालाच विचारलं. स्टेबल शाखेत वर्ष-दोन वर्षं दुरुस्त्यांपलीकडे आतलं काही बदलत नाही. टेस्टिंगमध्ये सतत नवं येत राहतं. माझा प्रोग्रॅम जुना. आजचा आकडा पुढच्या वर्षीही तोच यायला हवा, म्हणजे स्टेबलच हवं. ते सांगायला मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "स्टेबल घालूया."

"शहाणी आहे," सर म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उत्तर माझं आणि शाबासकी तिला! मी ताडकन म्हटलं, "नको, टेस्टिंग." मग नवं ग्राफिक्स कार्ड, तयार कोडच्या नव्या लायब्ररी, असं काय काय बोलत सुटले की सरांनाही पटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, बरी जिरली. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

वर्षभरानं परीक्षकांनी माझे जुने आकडे पुन्हा काढून दाखवायला सांगितले. हातात पंधरा दिवस. तोवर आतलं इतकं बदललं होतं की प्रोग्रॅम चालेचना. ओढूनताणून चालवला तर प्रत्येक विहिरीची पातळी वेगळी. आकडे जुळले नाहीत तर प्रबंध अडकणार होता. तिचं काम मात्र नव्या लायब्ररींवर भराभर पुढे चाललं होतं. ती सोय मीच करून दिली होती, याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

मी तिला काही सांगितलं नाही. माझ्या पडद्यावरच्या चुकांच्या ओळी तिनंच पाहिल्या असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा ती आपलं सगळं काम बाहेरच्या डिस्कवर काढत होती. बाजूला वर्षापूर्वीचं स्टेबल घालायचा पेन ड्राइव्ह होता.

"आणि तुझं काम?" मी विचारलं.

"ऱ्हवात म्हयनोभर. तुझा आधी होऊंदे."

"तुला कशाला एवढा त्रास?"

ती हसली. "अगो, माका टेस्टिंगच होया होता. पण तुझ्या कामाक स्टेबल बरा, म्हणान मी तसा म्हटलंय. आणि तू माझ्यासाठी टेस्टिंग म्हटलंस. त्याच दिवशी माका कळला. मी काय विसारतलंय?"

मी मान हलवली. म्हटलं, "त्यात काय एवढं."