उजेड घालून देणारी कावेरी

कावेरी महाले बाथरूममध्ये बसून काम करते, हे सिल्वासाच्या आमलीतल्या त्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी दार वाजवलं की तिचा नवरा सुकदेव खुर्चीतून न उठताच सांगायचा, "बसा. बाई आत आहे. वाफ बसली की येईल." नवखा माणूस दचकायचा, पण बसायचा.

काम होतं जुन्या व्हिडिओ गेमचं. हातात धरून खेळायचे ते ठोकळे, विटेएवढे जाड, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मामाने मस्कतहून आणलेले. त्यांना स्वतःचा उजेड नसायचा. स्क्रीन शेवाळलेल्या डबक्यासारखा, आणि त्याच्यावर बाहेरचं ऊन नेमकं पडलं तरच आतलं चित्र दिसणार. कावेरी तो स्क्रीन काढायची आणि आतून उजळणारा नवा बसवायची. बसवताना काचेखाली धुळीचा एक कण जरी राहिला तर तो जन्मभर तिथेच राहतो, आणि सिल्वासात धुळीला काय तोटा? म्हणून ती बादलीभर कढत पाणी बाथरूममध्ये ओतायची, वाफेने धूळ खाली बसेपर्यंत थांबायची, मग डोक्याला रुमाल बांधून पाटावर बसायची आणि दार लावून घ्यायची.

ती मूळची साक्रीकडची. लग्न होऊन इथे आली तेव्हा सुकदेव राखोलीच्या एका धाग्याच्या कंपनीची स्टाफबस चालवत होता, अजूनही चालवतो. कावेरी दादऱ्याला स्विच बनवणाऱ्या कारखान्यात लागली. अकरा वर्षं तिने सोल्डरिंग केलं. तिचा हात असा की कथलाचा डाग पडायचा तो मोहरीच्या दाण्याएवढा, गोल, चकचकीत. मग कंपनीने मशीन आणलं. सोल्डरिंग मशीन करायला लागलं आणि कावेरीला त्याच्यासमोर स्टुलावर बसवलं. काम काय, तर बघायचं. मशीन चुकलं तर लाल बटण दाबायचं. मशीन चुकेना. चार महिने ती बघत बसली आणि तिच्या बोटांना खाज सुटायला लागली. खरीखुरी खाज. डॉक्टरने मलम दिलं, त्याने काही झालं नाही.

अशात सुकदेवने भंगारवाल्याकडून गाडीचा आरसा आणला, आणि त्याच्यावर फुकट म्हणून एक मेलेला गेम आणला. कावेरीने तो उघडला. स्क्रूला तीन पाकळ्या होत्या, तसला पेचकस घरात नव्हता, तर तिने जुन्या पेनाची नळी तापवून, दाबून, तसला पेचकस बनवला. आत एक तार सुटली होती. ती जोडली आणि तिची खाज थांबली. पुढचं सगळं ती मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकली. त्या व्हिडिओंमधली भाषा तिला कळत नव्हती. हात काय करतात तेवढं ती बघायची.

खेळायची मात्र ती कधीच नाही. स्क्रीन लागला, चित्र आलं, बटणं चालली की बंद. "त्याच्यात काय आहे," ती म्हणायची, "वरतून विटा पडतात. आपण रचायच्या. पुन्हा पडतात. ते तर बांधकामावरही चालू आहे."

तिच्याकडे आगटे साहेब आले ते हेल्मेट घालून. आले, बसले, चहा घेतला, पण हेल्मेट काढलं नाही. काच तेवढी वर केली. पराग आगटे म्हणजे पुण्याचे, एका प्लास्टिक कंपनीत प्रॉडक्शन हेड, आणि वनराई हाइट्स नावाच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांनी जेवणाच्या डब्यातून गेम काढला.

"माझ्या भाच्याचा आहे," ते म्हणाले.

कावेरीने तो उलटा केला. मागे कंपासच्या टोकाने कोरलं होतं : पराग आगटे, इ. ७ वी ब.

"भाच्याचं नाव पण पराग का?"

आगटे साहेबांनी काच खाली केली आणि पुन्हा वर केली. "ताई, एक विनंती आहे. हे कुणाला कळता कामा नये. घरीसुद्धा."

"माझ्या तोंडून जाणार नाही," कावेरी म्हणाली. दिलेला शब्द ती पाळायची. इतका पाळायची की पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तीन दिवसांनी साहेब आले, बटण दाबलं, आणि स्क्रीन उजळला. हेल्मेटच्या आत काहीतरी चाललं होतं. मग म्हणाले, "ताई, ह्या विटांना किनार आहे. मला तेहतीस वर्षं माहीतच नव्हतं." गेम त्यांनी डब्यात ठेवला, डबा छातीशी धरला आणि गेले.

कावेरी ते विसरलीही असती. पण पंधरा दिवसांनी दारात तीन माणसं उभी राहिली. पुढे सुवर्णाबाई, वनराईच्या सेक्रेटरी, साठीच्या, हातात सोसायटीचं रजिस्टर. मागे अविनाशभाऊ, निवृत्त स्टोअरकीपर. आणि त्यांच्यामागे आगट्यांची बायको भक्ती, जिला आपण इथे यायला नको होतं असं बहुधा वाटत होतं. कावेरी तेव्हा आत होती. दार उघडून बाहेर आली ती वाफेच्या लोटासकट, डोक्याला पांढरा रुमाल, कपाळावर घाम. अविनाशभाऊंनी नकळत हात जोडले.

"आमचे आगटे साहेब तुमच्याकडे आले होते?" सुवर्णाबाईंनी विचारलं.

"कोण आलं, कोण गेलं, ते मी सांगत नसते," कावेरी म्हणाली.

सुवर्णाबाईंनी मागे वळून अविनाशभाऊंकडे बघितलं. मग खुर्चीत बसून त्यांनी सगळं सांगितलं. आगटे साहेब सहा वर्षं, रोज सकाळी साडेसात ते आठ, गच्चीवर सूर्योपासना करत. साधी नाही. सूर्याकडे पाठ करून. दोन्ही हात छातीजवळ ओंजळीसारखे, मान खाली, आणि अंगठ्यांनी सारखा जप. खांद्यावरून पंचा असा घेतलेला की ओंजळीत काय आहे ते दिसत नसे. कुणी हाक मारली तरी ओ देत नसत, इतकी एकाग्रता. ते बघूनच सोसायटीने त्यांना एकमताने चेअरमन केलं. हळूहळू पाच-सहा जण त्यांच्या मागे बसायला लागले होते. आणि आता, पंधरा दिवस झाले, साहेब गच्चीवर फिरकले नाहीत. पहिल्याच आठवड्यात पाण्याची मोटर जळली. मग लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली, आत अविनाशभाऊ होते.

"पाऊण तास," अविनाशभाऊ म्हणाले.

"ह्यांनी मला एवढंच सांगितलं," भक्ती हळूच म्हणाली, "की आमलीत एक बाई आहेत, त्यांनी माझं आयुष्य उजळलं. मग मी सुवर्णाताईंना सांगितलं."

कावेरीच्या ध्यानात सगळं आलं. तिने शब्द दिलेला होता. खोटं बोलायची सवय नव्हती. तेव्हा ती खरं तेच बोलली, फक्त वस्तूचं नाव घेतलं नाही.

"मी काही काढून घेतलं नाही बाई. उजेड घातला."

"कुठे?"

"आत. आधी आत काहीच नव्हतं. सगळं बाहेरच्या उन्हावर चाललेलं. ऊन असलं तर दिसायचं, ढग आला की अंधार. तीस-तीस वर्षं लोक असेच काढतात. आता बाहेरच्या उन्हाची गरज नाही."

सुवर्णाबाईंनी रजिस्टर उघडलं आणि काहीतरी लिहून घेतलं. अविनाशभाऊंचे डोळे भरून आले होते.

"आणि आमच्यासारख्यांना?" त्यांनी विचारलं. "आम्हाला जमेल?"

"जुनं असलं तरी चालतं. उलट जुनंच बरं. उघडून बघावं लागतं."

"उघडून?"

"मागून उघडते. त्याआधी वाफ द्यावी लागते."

अविनाशभाऊंनी बाथरूमच्या उघड्या दाराकडे बघितलं. वाफ अजून येत होती. "मी घरी विचारून सांगतो," ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात आगटे साहेब परत आले. यावेळी हेल्मेट काढून. कावेरीने त्यांचा चेहरा पहिल्यांदा बघितला. नीट झोप नसलेल्या माणसाचा होता.

"ताई, त्यांनी मला पुन्हा गच्चीवर बसवलंय. मीटिंग घेऊन, ठराव करून. मागे बारा जण बसतात."

"मग बसा की. गेम तर आहे."

"दिसत नाही!" साहेब जवळजवळ ओरडले. "उन्हात तुमचा हा नवा स्क्रीन आरशासारखा होतो. काळा. मी अर्धा तास स्वतःचं तोंड बघतो, ताई. खालून बघतो. हनुवटीखालून आपण कसे दिसतो तुम्हाला कल्पना आहे? कानात केस आहेत माझ्या. बरं, उठून जाता येत नाही. अंगठे थांबवता येत नाहीत. अंगठे थांबले की मागून सुवर्णाताई विचारतात, साहेब, समाधी लागली का?"

"खरं सांगून टाका मग."

"काय सांगू? की सहा वर्षं मी विटा रचत होतो? त्याच उपासनेवर पार्किंगचा वाद मिटलाय."

कावेरीला हसू आलं नाही. तिला ते कामाचं दुखणं वाटलं, आणि दुखणं असेल तर इलाज असतो. तिने पत्र्याच्या डब्यातून त्यांचाच जुना स्क्रीन काढला. वर्तमानपत्रात गुंडाळून, नाव घालून ठेवला होता. काढलेली वस्तू ती फेकत नसे. पण अडचण अशी की नवा स्क्रीन मावावा म्हणून तिने आतल्या प्लास्टिकचे टेकू कापले होते. जुना आता डुगडुगणार. ती दोन दिवस विचार करत राहिली, कारखान्यात मशीनकडे बघतानासुद्धा. तिसऱ्या दिवशी तिने पायातल्या रबरी चपलेच्या टाचेचे चार बारीक तुकडे कापले, बाथरूममध्ये वाफ केली आणि जुना स्क्रीन त्या तुकड्यांवर घट्ट बसवला. बटण दाबलं तर शेवाळी डबकं, आत अंधुक विटा.

आगटे साहेब उन्हात उभे राहून बघत राहिले. "किनार गेली," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "पण मी गेलो त्याच्यातून, हे बरं झालं."

सोमवारी ते पाठ सूर्याकडे करून बसले. त्याच दिवशी दुपारी मेकॅनिक येऊन लिफ्ट चालू करून गेला. मेकॅनिकला चहासुद्धा कुणी विचारला नाही. सगळे सरळ आमलीला आले आणि कावेरीला रविवारचं आमंत्रण देऊन गेले.

ती गेली, कारण नाही म्हणायला कारण सुचलं नाही. वनराईच्या गच्चीवर सतरंज्या घातल्या होत्या. सर्वांत पुढे आगटे साहेब, पंचा पांघरून. मागे चौदा जण, सगळ्यांची पाठ उगवतीकडे, माना खाली, हात ओंजळीत, अंगठे चाललेले. कुणाच्याच ओंजळीत काही नव्हतं. कावेरीला खुर्ची दिली, तिच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. सुवर्णाबाई म्हणाल्या, "ताई, दोन शब्द."

कावेरी आयुष्यात कधी बोलायला उभी राहिली नव्हती. तिने चौदा पाठमोऱ्या माणसांकडे बघितलं आणि तिला जे येत होतं तेच सांगितलं.

"हात हलू देऊ नका. हात हलला की डाग पसरतो. आणि फार तापवू नका. तापवलं की आतलं जळतं, मग काही उपाय नसतो."

पेनं वाजली. चार जणांनी लिहून घेतलं. आणि त्या शांततेत, पुढून, आगटे साहेबांच्या तोंडून एकदम निघालं, "आली! आली!"

कावेरीला कळलं, उभी पट्टी आली असणार. त्या खेळात बरेचदा ती लवकर येत नाही आणि तिच्यावाचून सगळं अडतं. पण चौदा जणांनी माना वर केल्या. "आली!" अविनाशभाऊ म्हणाले. मग सगळेच म्हणाले, "आली! आली!" खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून विचारलं, "काय, लाईट आली का?"

तेव्हापासून कावेरी रविवारी सकाळी तिथे जाते. गेम तर ती दुरुस्त करतेच. वापीहून, नाशिकहून कुरियरने येतात. पण वनराईची माणसं गेम आणत नाहीत. ती नुसती येतात, खुर्चीत बसतात, बाथरूमच्या दाराकडे बघतात आणि अर्ध्या तासाने, बरं वाटलं म्हणून जातात. एकदा सुकदेवने घरच्या अहिराणीत विचारलं, "तू तठे काय कराले जास?"

"बसस," ती म्हणाली.

"आन त्या?"

"त्या बी बसतस."

सुकदेवला ते पटलं. तो स्वतः दिवसभर बसूनच काम करायचा.

हिवाळ्यात सगळ्यांची सहल निघाली. सुकदेवची बस, सतरा माणसं, दादऱ्याची तळ्याची बाग. संध्याकाळ होत आलेली, ऊन तळ्यावरून तिरपं येत होतं. सुवर्णाबाईंनी सतरंजी घातली, शेजारी कावेरीची खुर्ची तशीच मांडली आणि बाकीची माणसं पाण्याकडे पाठ करून ओळीने बसली, झुडपांकडे आणि मुतारीच्या भिंतीकडे तोंड करून. आगटे साहेब मध्ये, पंचा घेऊन. बागेतला वॉचमन बराच वेळ बघत राहिला. मग अगदी अदबीने जवळ आला आणि वाकून, मागच्या पाण्याकडे हात करून म्हणाला, "बेन, तळाव तो आ बाजू छे."

"माहीत आहे," सुवर्णाबाई म्हणाल्या.

कावेरीने मात्र आपली खुर्ची फिरवून घेतली. पाण्यावर बदकं होती, आणि तिच्या पदरात भाजलेल्या शेंगा होत्या.