वीस रुपये, आठ नाणी

हे मी आजवर कुणाजवळच बोललो नाही. बायकोला सांगेन सांगेन म्हणत राहिलो, आणि ती गेली. मुलगा पुण्याला. त्याच्याशी रोज फोनवर बोलणं होतं — जेवलो, गोळी घेतली, झोपतो आता. त्यात हे कुठं बसवायचं? म्हणून तुम्ही समोर बसला आहात असं धरतो आणि सांगतो. मध्ये अडखळलो तर अडखळू द्या.

शहराच्या छावणी भागात माझा गणिताचा क्लास होता. अकरावी-बारावीचा. पंचवीस वर्षं चालवला. दर वर्षी दहावीच्या परीक्षेनंतर मी एक पेपर काढायचो. त्यात जो पहिला येईल त्याला दोन वर्षं फुकट शिकवायचं. लोक याचं कौतुक करायचे. मलाही ते आवडायचं — खरं तर जरा जास्तच आवडायचं.

नऊ-दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वर्षी शेवटचा प्रश्न मी स्वतः तयार केला होता. चलनातली, पूर्ण रुपयांची कोणतीही आठ नाणी घेऊन बरोबर वीस रुपये करा. किती रीतींनी होतात ते सगळ्या रीतींसह लिहा. मला दोन रीती सापडल्या होत्या. पाचची तीन आणि एकची पाच. किंवा पाचची दोन, दोनची चार, एकची दोन. मी खूश होतो. पुन्हा तपासून पाहिलं नाही. कशाला पाहीन? प्रश्न माझाच होता ना.

सुजाता पिशोर गावाहून आली होती. आई दुसऱ्यांच्या शेतात कामाला जायची, वडील नव्हते. छावणीत तिची मावशी राहायची. फुकट शिकायला मिळालं तर पोरीनं मावशीकडं राहायचं आणि इथल्या कॉलेजात सायन्सला जायचं, असं मायलेकींनी ठरवलं होतं. फी भरणं त्यांच्या हाताबाहेरचं होतं. हे मला माहीत होतं. पेपरच्या आधीच आईनं सगळं सांगितलं होतं.

सुजातानं तीन रीती लिहिल्या. तिसरी अशी — दहाचं एक, दोनची तीन, एकची चार. मी त्यावर लाल काट मारली आणि दोन मार्क कापले. ती दोनच मार्कांनी मागं राहिली. पहिला आला तो बाजारातल्या एका कापडवाल्याचा मुलगा. त्यानं माझ्यासारख्याच दोन रीती लिहिल्या होत्या.

निकालाच्या दिवशी सगळी मुलं आणि आईवडील वर्गात बसलेले. मी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सांगितलं, दोनच रीती. सुजाता उभी राहिली. म्हणाली, ‘‘सर, माझी तिसरी रीत का चुकली?’’

तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा आपल्याकडं दहाचं नाणं कुणी घेत नव्हतं. खरं, सरकारी, तरी दुकानदार परत ढकलायचा. मी हसून म्हणालो, ‘‘बाई, दहाचं नाणं घेऊन जरा बाजारात जाऊन बघ. चालतं का?’’

सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. हळूच म्हणाली, ‘‘पण बँकेत घेतात ना सर?’’

मी दुसऱ्या मुलाच्या शंकेकडं वळलो.

माझी चूक मला कधी कळली? त्याच क्षणी. ती बोलली आणि माझ्या कानशिलांतून गरम वाफ गेल्यासारखं झालं. प्रश्नात ‘चलनातली’ हा शब्द मीच घातला होता. पण समोर चाळीस माणसं होती, फळ्यावर नाव लिहून झालं होतं. आणि — हेही सांगतो, कारण सांगायचंच तर अर्धं कशाला? हाच प्रश्न त्या कापडवाल्याच्या मुलानं विचारला असता, तर मी त्याची अशी चेष्टा केली असती का? नसती केली. पिशोरच्या बौद्धवाड्यातली पोरगी आपली चूक काढते, हे मला झोंबलं होतं.

एवढ्यावरच थांबलो असतो तर निदान गडबडीत चुकलो असं म्हणता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी पुन्हा आल्या.

आई म्हणाली, ‘‘सर, तेवढा पेपर एकदा दावा. पोरगी कालपासनं जेवली नाय. तिला लई वाटतंय की बरोबर हाय म्हणून.’’

पेपर टेबलाच्या खणात होता. माझा हात त्याच खणावर होता.

मी म्हणालो, ‘‘पेपर रद्दीत गेले.’’

मग कुणी न विचारता आणखी बोललो. आवाज मऊ करून, मोठ्या काळजीनं. ‘‘ताई, खरं सांगू का? हिला गणित झेपणार नाही. उगाच सायन्सचा हट्ट करू नका.’’

आईनं पोरीकडं पाहिलं. पोरगी माझ्याकडं पाहत होती. मग तिनं मान खाली घातली — मी ते पाहिलं — तिनं माझं बोलणं खरं मानलं. आई म्हणाली, ‘‘बरं झालं सर, तुम्ही सांगितलं.’’ आणि दोघी बसस्टँडकडं गेल्या. त्या गेल्यावर मी खणातून पेपर काढला आणि फाडला.

मागच्या हिवाळ्यात घरात बसवेना म्हणून एकटाच अजिंठ्याला निघालो. लेण्यांजवळच्या फर्दापूरला उतरून चहासाठी एका छोट्या हॉटेलात शिरलो. गल्ल्यावरची बाई उठून जवळ आली आणि वाकून पाया पडली.

‘‘सर, वळखलं नाय का? सुजाता. पिशोरची.’’

तिचं लग्न लवकर झालं होतं. हॉटेल नवऱ्याचं. शिक्षण बारावीपर्यंत, आर्ट्सला. तक्रार काहीच नव्हती. ती स्वतःच चहा घेऊन आली. शेजारच्या बाकावर तिची सहा वर्षांची मुलगी गृहपाठ करत होती. सुजातानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हसत म्हणाली, ‘‘हिला बी गणित नाय येत सर. माझ्यावरच गेलीय.’’

मी बोलायला हवं होतं. चहा गरम होता, वेळ होता, हॉटेलात चौथं कुणी नव्हतं.

पोरीनं लाजून वही पालथी घातली. पण त्याआधी मला पान दिसलं होतं. बेरजा होत्या. सगळ्या बरोबर.

मी चहा संपवला, येतो म्हणालो आणि बाहेर पडलो.