छोट्या कोरलाचे पट्टे

डोंबिवलीच्या खाडीवर हिवाळ्यात लांब, वाकड्या चोचीचे पाहुणे यायचे. मोठा कोरल आणि छोटा कोरल. लांबून दोघेही सारखेच मातकट. छोट्याच्या डोक्यावर दोन गडद पट्टे आणि मधे एक फिकी रेघ असते, तोच काय तो भरवशाचा फरक.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी ठाण्यात नोकरी करत होतो आणि रविवारी पक्षी बघणाऱ्या एका गटाबरोबर भटकायचो. आपल्या खाडीत छोटा कोरल आहे, असं मी एकदा छातीठोकपणे सांगितलं. गटातले सगळ्यांत जाणते काका हसले. "पट्टे पाहिलेस का? नाही ना? मग मोठाच असणार." हे सगळ्यांसमोर. मला ते फार लागलं.

पुढचे तीन रविवार मी एकटाच खाडीवर गेलो. तिथे चिखलात हात घालून निवट्या धरणारी एक कोळीण मावशी असायची. तिला मी उत्साहाने त्या पक्ष्याच्या सगळ्या सवयी सांगितल्या. ओहोटी लागली की हा त्या फुटक्या बांधावरच उतरतो, खेकडा सापडला की झटकून झटकून त्याच्या नांग्या तोडतो, भरती चढेपर्यंत तिथून हलत नाही. "एकदा त्याचं डोकं जवळून बघायला मिळालं ना मावशी, की मी सुटलो," असंही बोलून गेलो.

चौथ्या रविवारी तिने पाटीवरचं फडकं काढलं.

"तुला डोका बघाचा व्हता ना, बाला? तू बोललास तसाच बांधावर आला बघ. फास लावून ठेवलेला."

त्याचे पंख पिरगाळून एकमेकांत अडकवलेले होते. मला आधी पट्टे दिसले. दोन गडद, मधे फिकी रेघ. मनात अक्षरशः उकळ्या फुटल्या. मग फासाने चिरलेला पाय दिसला. मावशी कौतुकाच्या आशेने माझ्याकडे बघत होती, तिला काय बोलणार? मी थँक्यू म्हणालो. पंख सोडवून त्याला बांधावर ठेवलं, पण त्याला उभंच राहता येईना. पाणी चढेपर्यंत तो मेला.

काकांना मी पट्टे पाहिल्याचं सांगितलं. किती लांबून, त्यांनी विचारलं.

"अगदी हातभरावरून. हललाही नाही."

त्यांनी वहीत नोंद घातली, माझी पाठ थोपटली. पुढे गटात कुणी नवीन आलं की ते मलाच पुढे करायचे. म्हणायचे, पक्ष्याला न बिथरवता जवळ कसं जायचं, ते याच्याकडून शिका.