पायरीवरचं सुतक

अलिबागच्या आमच्या आळीत एस्तेरमावशींचं घर आहे, त्यामुळे ज्यू माणसं आपल्याला ठाऊक आहेत अशी माझी पक्की समजूत होती. शुक्रवारी संध्याकाळी दिवा, शनिवारी कामाला हात लावायचा नाही, नवसाच्या मलिद्याला गोड पोहे आणि खोबरं, आणि भांडायचं ते आपल्याच मराठीत. ही समजूत मेतकुटाच्या पुडीबरोबर बॅगेत भरून मी भाचीकडे अमेरिकेला निघाले. मेतकूट विमानतळावर सुटलं. समजूत पुढे कुठे अडकली, ते सांगते.

सायली आणि तिचा नवरा निखिल जर्सी सिटीत एका उंच इमारतीत राहतात. दोघंही कॉम्प्युटरवाले. खिडकीतून नदी आणि पलीकडचं न्यूयॉर्क दिसतं, आणि त्याचं भाडं ऐकून मी खिडकीला पडदा लावावा म्हटलं. निखिल नागपूरचा. इथल्या संत्र्यांवर त्याचा राग आहे. "मावशी, ह्याला संत्रं म्हणायचं म्हणजे इन्सल्ट आहे यार," असं म्हणत तो दर आठवड्याला पिशवीभर आणतो आणि तक्रार करत खातो.

समोरच्या दारात लिआ राहते. तिशीची, नर्स. मी आल्याच्या तिसऱ्या दिवशी तिने मला "मावशी" म्हणायला सुरुवात केली आणि मी तिला जेवायला बसवलं. तिची हकिगत सायलीने सांगितली. उत्तरेला दोनेक तासांवर एक गाव आहे, ज्यूंमधल्या एका अतिकर्मठ पंथाचं. लिआ तिथली. तिने कॉलेजात जायचं ठरवलं तेव्हा गावातल्या काही कडव्या मंडळींनी तिला वाळीत टाकलं. तेवढ्याने भागलं नाही. वडिलांना सांगितलं, मुलगी मेली असं समजून शिव्हा (सात दिवसांचं सुतक) धरा. वडील म्हणाले, "ती जिवंत आहे. जिवंत माणसाचं मी धरत नाही." ह्या शब्दांची शिक्षा म्हणून प्रार्थनागृहात त्यांच्या शेजारची जागा कितीतरी वर्षं रिकामी राहिली.

लिआने धर्म टाकलेला नाही. शुक्रवारी तिच्या खिडकीत मेणबत्त्या असतात. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "देव माझाही आहे. त्यांनी तो घेतला म्हणून मी का सोडायचा?"

त्याच आठवड्यात तिचे वडील गेले. दफन झाल्यावर कुणीतरी फोन करून कळवलं. लिआ सायलीच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ते माझ्यासाठी सुतकात बसले नाहीत. मला त्यांच्यासाठी बसायचंय. एकटीला जायचं धैर्य नाही." सायलीने मीटिंग कॅन्सल केली.

मी स्वयंपाकघरात गेले. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा असतो, हे मला कुणी शिकवायला नको. एस्तेरमावशींचे यजमान गेले तेव्हा माझ्या आईने तेच नेलं होतं. ज्यूंमध्येही सुतकातल्या माणसाला शेजाऱ्यांनी जेवू घालायची रीत आहे हे तेव्हापासून माहीत. मग काय, तीन पुडाचा स्टीलचा डबा भरला. निखिलने वाटेसाठी संत्र्यांची पिशवी गाडीत टाकली, सवयीने नाक मुरडून.

रस्ता सुंदर होता. दोन्ही बाजूंना झाडं, मध्येच तळं, कुंपणापाशी उभं हरीण. सायली गाडी चालवत होती, लिआ मागे माझ्याजवळ बसली होती. वाटेत तिने दोन्ही हातांनी स्वेटरचा गळा फाडला. आईबाप गेल्यावर वस्त्र फाडायचं, ही त्यांची रीत. पुढे बराच वेळ मी तिचा हात धरून होते.

गाव लागलं तशी मी साडीवर शाल ओढून घेतली, कारण वेशीवरच अंग झाकून या अशी पाटी होती. दुकानांच्या पाट्या हिब्रू अक्षरांत, बाबागाड्या जिकडेतिकडे, डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया घाईने चाललेल्या. एक मला पाहून मान हलवून हसली. उगाच वाईट म्हणावं असं गाव नव्हतं ते.

लिआच्या माहेरचं दार सताड उघडं होतं. शिव्हाच्या घराला कडी नसते, कुणीही न विचारता यावं. पण पायऱ्यांच्या वर काळ्या कोटातले दोघे जण उभे होते. घरचे नव्हेत. त्यातला थोरला इंग्रजीत म्हणाला, "ही आत येणार नाही. घराला त्रास होईल. धाकट्या भावांची लग्नं व्हायचीत."

सायली तापली. "हे लीगल तरी आहे का? मी पोलिसांना कॉल करते."

"नको," लिआ म्हणाली. तिने बूट काढले आणि खालच्या पायरीवर बसली. "सुतकात जमिनीलगत बसायचं असतं. ही पायरी तशीच आहे. छप्पर पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही."

ती एकटी बसलेली मला बघवेना. डबा आणि संत्र्यांची पिशवी पायरीवर ठेवून, गुडघ्यांची क्षमा मागून मी तिच्या शेजारी बसले. सायली दुसऱ्या बाजूला. ते दोघे वर, आम्ही तिघी खाली, आणि खिडकीच्या पडद्याआड कोण कोण ते देव जाणे.

समोरच्या घरातून एक वयस्क शेजारीण सुपाचं पातेलं घेऊन आली. लिआला पाहून थबकली, मग माझ्या डब्याकडे बोट केलं. मी अभिमानाने सांगितलं, "शुद्ध शाकाहारी. ह्या भांड्यांना कधी अंडंसुद्धा लागलेलं नाही."

तिने खेदाने मान हलवली. तिच्या मोडक्या इंग्रजीतून समजलं ते असं, की पदार्थ शाकाहारी असून भागत नाही. भांडी, शेगडी, सगळं त्यांच्या नियमातलं हवं. माझं सोवळं त्यांच्या सोवळ्याला चालेना. आयुष्यभर दुसऱ्यांना खरकटं-उष्टं शिकवत आलेली मी, इथे माझाच डबा उंबऱ्याबाहेर. हसावं की रडावं कळेना. मग तिची नजर संत्र्यांवर गेली. "हे चालतं," ती म्हणाली. "अख्खं फळ सगळ्यांना चालतं." पातेलं आणि पिशवी घेऊन ती त्या दोघांच्या मधून सरळ आत गेली. तिला ते अडवू शकत नव्हते.

जरा वेळाने आतून लिआची आई आली. ठेंगणी बाई, पायांत कापडी सपाता, एका हातात बुटकं स्टूल, दुसऱ्या हातात संत्रं. ते दोघे तिला आत जायला सांगू लागले. ती यिडिशमध्ये (त्यांची घरातली बोली) काहीतरी बोलली, आवाज न चढवता. लिआने नंतर मला त्याचा अर्थ सांगितला: "माझ्या नवऱ्याने हिचं सुतक धरलं नाही. ही त्याचं धरतेय. तुमचं इथे कोण गेलंय?"

दोघे बाजूला झाले. गेले नाहीत, पण बाजूला झाले.

आईने पायऱ्या उतरून लिआच्या पुढ्यात स्टूल ठेवलं आणि बसली. संत्रं सोललं, अर्धं लेकीला दिलं, अर्धं स्वतः खाल्लं. वाळीत टाकलेल्या माणसाबरोबर त्या गावात कुणी जेवत नाही. लिआ रडत रडत खात होती. सायलीही रडत होती, आणि माझं काय विचारता. शेजारीण परत आली आणि खुशाल वरच्या पायरीवर टेकली. तिच्यामागून आणखी दोघी आल्या.

संध्याकाळी आत पुरुषांची प्रार्थना सुरू झाली. लिआचे भाऊ बाहेर आले नाहीत, पण कुणीतरी आतून खिडकी वर सरकवली, आणि वडिलांसाठी म्हटलेले शब्द पायरीपर्यंत आले. लिआने खालून "आमेन" म्हटलं. परत येताना गाडीत आम्ही गार पिठलं-भात खाल्ला. लिआने दोनदा घेतला.

शनिवारी सुतकाला बसत नाहीत, तेवढा दिवस सोडून ती रोज जात राहिली, आणि आई रोज स्टूल घेऊन बाहेर येत राहिली. शेवटच्या सकाळी मीही गेले. त्या दिवशी सुतकातली माणसं उठतात आणि घराभोवतीच्या रस्त्याने एक फेरी मारून पुन्हा जगात येतात. आईने लिआचा हात धरला आणि भर सकाळी, सगळं गाव बघत असताना, तिच्याबरोबर फेरी मारली. वळणावर पाहिलं तर धाकटा भाऊ मागून चालत होता. जरा अंतर ठेवून, पण चालत होता.

अलिबागला परतल्यावर मी आधी एस्तेरमावशींकडे गेले. वाळीत टाकणं आपल्याकडेही काही नवलाचं नाही, त्यामुळे त्यांना फार समजवावं लागलं नाही. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "शनिवारी बसली नाही ना?"

"नाही."

"हां. आणि तुझ्या आईने आमच्याकडे पिठलं आणलं होतं ना, ते आम्ही खाल्लं नव्हतं गं. ह्यांचे काका फार कडक. ते घरात असताना चाललं नसतं."

"मग?"

"माझ्या सासूने डबा मागीलदारी नेला, तुझ्या आईला बसवलं, आणि झाडावरचे दोन चिकू काढले. एक तिला दिला, एक स्वतः खाल्ला."

आईने घरी येऊन हे कधी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने पिठल्याऐवजी केळ्यांची फणी नेली होती, एवढं मात्र मला आठवतं.