रेवाराम काऊन बुडाला

ट्रेनिंग सेंटरवर पोस्टिंग झाली तेव्हा मी इंजिनिअर रेजिमेंटमध्ये साधा सॅपर होतो. नौकानयनासाठी आमची निवड उंचीवरून झाली. सुभेदार साहेब रांगेतून चालत गेले आणि सगळ्यांत उंच जवान त्यांनी बाजूला काढले. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही तलावावर फॉल-इन झालो.

आमची शेती कामठ्याला. धानाच्या बांधीतल्या गुडघाभर पाण्यापलीकडे मला पाणी ठाऊक नव्हतं. शेजारी उभा असलेला रेवाराम अर्जुनी मोरगावकडचा, मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरचा. चालायला लागला तेव्हापासून तो डोंग्यात बसलेला. रेसची बोट पाहून तो म्हणाला, "बे हिरालाल, जायचं तिकडे पाठ करून बसतेत हे लोक? मासे हसतीन ना."

त्यांच्या तलावावर डोंगा निघाला की एकजण पुढे बांबू घेऊन उभा राहायचा. पाण्याखालचे खुंट बघणं हे त्याचं काम. रेसच्या बोटीत मात्र सगळे पाठमोरे. दोघांच्या बोटीत पुढच्या टोकाला बसणाऱ्यानं अधूनमधून मान वळवून मार्ग पाहायचा असतो. ती जागा माझी होती. पण मान वळवली की बोट हलायची आणि मोटरबोटीतून साहेबांचा आवाज यायचा, "गर्दन सीधी! नाव हिल रही है!" मग मी कमी कमी पाहू लागलो. सरावाच्या सरळ लेनमध्ये आडवं येण्यासारखं काही नव्हतंच.

आशियाई खेळ म्हटलं की त्या काळी आम्हाला हॉकी आठवायची. बराकीत रेडिओभोवती बसून कॉमेंट्री ऐकायचो. हरलो की लंगरमध्ये जेवण उरायचं. नौकानयनात आपला देश नवखा होता. इतर देशांची मुलं लहानपणापासून वल्ही मारायची, आमच्यापैकी बहुतेकांनी बोट पहिल्यांदा फौजेतच पाहिली. तरी आमची जोडी जमली. खेळांच्या कॅम्पसाठी दोघांचीही नावं लागली.

रेवारामनं घरी निरोप धाडला की परत येताना मुलासाठी परदेशी बूट आणीन. मुलगा दिलीप तेव्हा रांगत होता.

कॅम्पला निघण्याआधी नदीला पूर आला. युनिटच्या बोटी अडकलेल्या लोकांना काढायला आधीच बाहेर होत्या. आमच्याकडे उरली होती एक लाकडी ट्रेनिंग बोट. साहेबांनी विचारलं, "कौन जाएगा?"

रेवाराम एक पाऊल पुढे गेला. मागोमाग मी.

दुपारपर्यंत आम्ही तीन फेऱ्या केल्या. चौथ्या फेरीत छपरावरून एक म्हातारी आणि तिची सून घेतली. म्हातारी थरथरत होती. रेवारामनं स्वतःचं लाइफ जॅकेट काढून तिला बांधलं.

रेडिओ वाजला. "चार्ली वन, पानी बढ़ रहा है. जल्दी निकलो. ओवर."

"चार्ली वन, रॉजर. ओवर."

रेवाराम म्हणाला, "समोर कोणी उभा राह्यला पायजे बे."

मी म्हणालो, "बस. दोघं मारू, लवकर निघू."

तो बसला. आम्ही रेससारखी वल्ही मारली. पाहायचं काम माझं होतं. मी पाहिलं नाही. मान सरळ ठेवली आणि त्याच्या पाठीकडे बघत राहिलो.

बोट बुडालेल्या आंब्याच्या झाडावर आदळली आणि कलंडली. मी फांदी पकडली. रेवारामनं आधी सुनेला माझ्याकडे ढकललं, मग म्हातारीला. तेवढ्यात उलटी झालेली बोट प्रवाहानं फिरली आणि तिनं त्याला खोडाशी दाबून धरलं. तो पोहू शकत होता. त्याला पोहायला जागा मिळाली नाही.

चौकशीत मी सांगितलं, झाडाला धडक बसली. ते खरं होतं, पण पूर्ण नव्हतं. पुढे दुसऱ्या जोडीदाराबरोबर मी खेळांना गेलो. उद्घाटनाला तिरंग्यामागे चाललो. शर्यतीत शेवटून पहिले आलो. तरी माझ्या गावात हार पडले.

रेवारामच्या गावात मात्र एकच प्रश्न फिरत राहिला. ढिवराचा पोरगा पाण्यात बुडते काऊन? कोणीतरी उत्तरही जोडून दिलं, पिऊन असन. हे माझ्या कानावर आलं होतं. मी गप्प बसलो.

यंदा रेवारामच्या नातीची, ममताची, नौकानयनाच्या राष्ट्रीय कॅम्पसाठी निवड झाली. तिच्या बापानं, म्हणजे दिलीपनं, नाही म्हटलं. हे कळलं त्याच दिवशी मी एसटी पकडली.

तलावाच्या पाळीवर दिलीप जाळं सुकवत होता. त्यानं मला बसायला सांगितलं नाही. "पाण्यानं आमच्या घरचा माणूस नेला आबाजी, अन् नाव बी नेलं. आता पोरगी देऊ?"

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. जॅकेट, म्हातारी, आंब्याचं झाड, माझी मान. आजूबाजूचे ढिवर जाळी सोडून जवळ आले. मी पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं सांगितलं.

दिलीपनं सुकत घातलेलं जाळं ओढून हातात घेतलं. मग म्हणाला, "इतके वर्सं कायले थांबले तुमी?"



एक म्हातारा ढिवर पुढे आला. "मीच म्हटलो होतो पिऊन असन," तो दिलीपला म्हणाला. "चुकलो लेका."

ममता हे सगळं ऐकत होती. "मी बी पुढच्याच टोकाले बसतो आबाजी," ती म्हणाली. "अन् पायतो मागं. कोच वरडते, तरी पायतो. आजीनं लहानपणीच सांगतलं होतं, समोर कोणीतरी पायलाच पायजे."

दिलीपनं जाळं खाली ठेवलं. "जाय," तो म्हणाला. "पण बूट नको आणू कोणाले."

आता आपल्या देशानं आशियाई खेळांत शंभरावर पदकंही मिळवली आहेत. नौकानयनातलीही असतात, आणि ती जिंकणारे बरेचसे फौजेतलेच असतात, उंची पाहून निवडलेले. ती नावं पेपरात येतात. सॅपर रेवाराम त्यांच्यात नाही. तो कॅम्पपर्यंतसुद्धा पोचला नाही.

निघायच्या आदल्या सकाळी ममतानं तलावावर सराव केला. मी आणि दिलीप पाळीवर उभे होतो. ती वल्ही मारत दूर गेली. थोड्याथोड्या वेळानं तिची मान वळत होती. दर वेळी बोट जराशी हलायची, आणि सरळ पुढे जायची.