गणपत घाडीचा चौक

लालबागच्या त्या चौकात गणपत घाडीच्या नावाची पाटी होती, तेव्हा रमाबाई तिच्याकडे मान वर करून कधी बघत नसत. भाजी घेऊन येता-जाता नजर चुकवूनच पुढे जात. गेलेल्या नवऱ्यावर त्यांचा राग होता आणि तो त्यांनी उभ्या जन्मात कुणाला बोलून दाखवला नव्हता.

संपात गिरणी सुटल्यावर गणपत शिवडीच्या गोदामात माल चढवायला जायचा. त्यांची मुलगी अपेक्षा तेव्हा नुकती रांगायला लागली होती. एका दुपारी समोरच्या चाळीत स्टोव्हचा भडका उडाला आणि लाकडी जिना धरून आग वर चढली. कामावरून येऊन ताटावर बसलेला गणपत तसाच उष्ट्या हाताने धावला. एका पोराला पाठीवर घेऊन खाली आला, मग एका म्हातारीसाठी पुन्हा वर गेला आणि जिना कोसळला. मंडळाच्या पोरांनी वर्षश्राद्धाला चौकात पाटी लावली, तेव्हाच्या नगरसेवकाने नारळ फोडला.

"वाघ होता तुमचा माणूस," लोक सांगायला यायचे. रमाबाई ऐकून घ्यायच्या. वाघाला काय, त्याच्यामागे संसार थोडाच असतो! जाताना त्याने एकदाही वळून बघितलं नाही. बायकोचा, रांगत्या पोरीचा विचार त्याच्या मनाला शिवलाच नाही. हे त्यांच्या काळजात रुतलं ते रुतलंच. खानावळ चालवून त्यांनी पोरीला वाढवली, शिकवली, आणि राग तसाच जपला.

पुढे समोरच्या चाळीच्या जागी टॉवर उभा राहिला. फुटपाथ खणताना पाटी उतरवली, ती परत लागलीच नाही. मग एके दिवशी अपेक्षाने पेपरातली जाहीर सूचना वाचून दाखवली. चौकाला डॉक्टर वसंत विजयकरांचं नाव द्यायचा प्रस्ताव होता. कुणाची हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यायची होती.

रमाबाईंच्या हातातली पोळी तव्यावर करपली. ज्या पाटीकडे बघवत नव्हतं, ती गेल्यावर घरातलं माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं. त्यात डॉक्टर विजयकर म्हणजे देवमाणूस. अपेक्षाला टायफॉइड झाला तेव्हा रोज जिना चढून यायचे. त्यांच्या नावाला नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

तरी त्या वॉर्ड ऑफिसात गेल्या. खिडकीतल्या माणसाने अर्ज घेतला. "नगरसेवक असते तर त्यांनी सभेत विषय मांडला असता, आजी. पण त्यांची मुदत कधीच संपली, निवडणुका झालेल्या नाहीत. आता सगळं प्रशासकांच्या सहीने चालतं. पण हरकत दिलीत ना, मग सुनावणी होणार. तुमचं ऐकल्याशिवाय ठरवता येत नाही. माणसं घेऊन या."

माणसं कुठून आणायची? जुनी चाळकरी मंडळी विरार-बदलापूरला पांगली होती, बरीचशी वर गेली होती. मंडळाचे अण्णा तेवढे उरले होते, तेही अंथरुणाला खिळलेले. ते म्हणाले, "वयनी, पाठीवरसून आणलेलो तो सुर्व्यांचो हितेंद्र बदलापुराक असता. मी त्येका फोन लावतंय."

सुनावणीला टॉवरमधली मंडळी बरीच आली होती. त्यांचे सेक्रेटरी हर्षवर्धन यांनी डॉक्टरांबद्दल चार शब्द सांगितले, ते सगळे खरेच होते. रमाबाईंच्या बाजूला फक्त अपेक्षा होती.

"तुमच्यातर्फे आणखी कोणी?" अधिकारी बाईंनी विचारलं.

मागून टक्कल पडलेला एक माणूस उठला. "मी हितेंद्र सुर्वे. घाडीकाकांनी मला बाहेर काढलं होतं."

"आपण या भागात राहता?"

"नाही मॅडम. पण आज जिवंत आहे तो इथल्यामुळेच."

"बोला."

"सगळे म्हणतात काका घाबरत नव्हते. खोटं आहे ते. त्यांचे हात लटलट कापत होते. मी रडत होतो तर म्हणाले, 'मलापण भीती वाटते रे. माझी पोरगी रांगते अजून. पण तू माझी मान घट्ट धर, आपण दोघं पटकन घरी जाऊ.' खाली आल्यावर वरून म्हातारीची हाक ऐकू आली. ते तुमच्या खिडकीकडे बघत उभे राहिले, काकी. चांगलेच थांबले. मग गेले."

लिहून घेणारा क्लार्क थांबला. "मॅडम, हे सगळं घ्यायचं का?"

"शब्दन् शब्द घ्या," बाई म्हणाल्या.

रमाबाईंनी पदर तोंडात कोंबला. त्या दुपारी त्या खिडकीत नव्हत्या. पोरीला छातीशी धरून देवापुढे बसल्या होत्या. त्याने वर बघितलं तेव्हा खिडकी रिकामी होती.

बाहेर आल्यावर हितेंद्र वाकून पाया पडला. "काकी, आधी कधी आलो नाही. आलो असतो तर तुम्हाला माझ्यात काकांचं जाणंच दिसलं असतं."

"आला असतास तर बरं झालं असतं रे," रमाबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

महिन्याभराने आदेश आला. अपेक्षाने मोठ्याने वाचला. दोन्ही बाजूंचं ऐकलं होतं, प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिलं होतं. हितेंद्रचं म्हणणं पुरतं उतरवलं होतं. पण गणपत घाडींच्या नावाचा ठराव सभेत कधी मांडलाच गेला नव्हता. पाटी मंडळाने परस्पर लावलेली. कागदोपत्री चौकाला नावच नव्हतं, त्यामुळे नाव बदलण्याचा प्रश्न येत नाही, आणि राहणाऱ्या बहुतेकांची डॉक्टरांच्या नावाला संमती आहे. दिवंगतांच्या धैर्याबद्दल आदर व्यक्त करून प्रस्ताव मंजूर केला होता.

"आई, वकिलांना विचारलं मी," अपेक्षा म्हणाली. "कोर्ट एवढंच बघेल, की नीट ऐकलं का, कारणं दिली का. तरी जायचं का?"

"ऐकलं की गं त्यांनी. ऐकूनच नाही म्हणाले."

त्या उठून खिडकीशी गेल्या. खाली टॉवरच्या गेटपाशी गाड्या लागल्या होत्या, जुन्या जिन्याची जागासुद्धा ओळखू येत नव्हती. इतकी वर्षं त्या माणसाशी मनातल्या मनात भांडत आल्या होत्या, आणि तो खाली उभा राहून यांच्याकडेच बघत होता. ज्या दिवशी रडायचं होतं त्या दिवशी डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता गजाला कपाळ टेकून त्या हमसून हमसून रडल्या. अपेक्षा मागे उभी राहिली. आईला असं रडताना तिने कधी बघितलं नव्हतं.