तुपाच्या वाटीत पाच गोळ्या

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. रेंजवरून आल्यावर पँट धुवायला टाकावी, मशीनमध्ये खडखड वाजावं आणि बायकोनं आतून ओरडावं, ‘परत पुंगळी राहिली खिशात!’ तसंच आहे हे. आपण गेलेलो असतो नेम धरायला आणि घरी भलतंच काहीतरी घेऊन येतो. नाशिकच्या आमच्या रायफल क्लबात गेली तीन वर्षं आम्ही चौघं एकाच रायफलीच्या मागे आहोत. तीन वर्षांत नेम कमी आणि किस्से जास्त जमले. त्यातले थोडे सांगतो. मीठ माझ्या अंदाजानं घातलंय. जास्त झालं तर पाणी प्या!

रायफल नाना देवऱ्यांची. नाना मूळचे कळवणचे, शाळामास्तर, रिटायर होऊन आता नाशकात. रायफल त्यांच्या आजोबांची, शिकारीची. शिकारीवर बंदी येऊन जमाना झाला, त्यामुळे ती बिचारी आता कागदावरच्या काळ्या ठिपक्यावर समाधान मानते. पण तिच्या मापाचं काडतूस आता कुणी बनवतच नाही. दुकानदार आधी मापाचा आकडा दोनदा विचारतो, मग चहा विचारतो, मग आजोबा कोण होते ते विचारतो. काडतूस काही देत नाही!

म्हणून ते आम्हीच भरतो. क्लबकडे तशी रीतसर परवानगी आहे. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी घ्यायची, तिच्यात पावडर, वर गोळी. ऐकायला करंजीइतकं सोपं. पण पावडर कणभर इकडेतिकडे झाली की कळवणला निघालेली गोळी येवल्याला उतरते.

*

नाना परवान्याच्या कामाला ऑफिसात गेले. क्लार्कनं कॉम्प्युटरवर मापांची यादी उघडली. वरून खाली, खालून वर पाहिली.

‘आजोबा, असं माप नाही.’

‘नाय कसं? घरी कपाटात हाय ना!’

‘यादीत नाही म्हणजे अशी रायफल नाही.’

‘मग मी परवाना कशाचा मागतोय? पिचकारीचा?’

अर्धा तास हे चाललं. शेवटी क्लार्कला दया आली. त्यानं यादीच्या तळाशी जाऊन एक खूण केली आणि प्रिंट काढून दिली. मापाच्या रकान्यात छापलेलं होतं: ‘इतर’.

तेव्हापासून क्लबात त्या रायफलीचं नाव ‘इतर’. ‘आज इतर आणलीय का?’ असं आम्ही विचारतो आणि नवीन मेंबर बुचकळ्यात पडतात.

*

या सगळ्याला मुदत घातली ती नानींनी. नानी म्हणजे नानांची बायको. परवाना संपायला सहा महिने उरले तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांदेखत विषय काढला.

‘आता रिन्यू करू नका. देऊन टाका पोलिसात जमा करून. कपाटाचा अर्धा खण अडवलाय तिनं. माझ्या पैठण्या ट्रंकेत घड्या मोडून पडल्यात.’

नाना हबकले. ‘अगं, आजोबांची खूण शे ती!’ नाना घाबरले की अहिराणीत जातात.

‘खूण आहे तर नीट लागू दे की कुठंतरी! तीन वर्षं ऐकतेय, आज थाळीएवढ्या जागेत लागल्या, आज पोळपाटाएवढ्या. मुदत संपायच्या आत पाचच्या पाच गोळ्या माझ्या वाटीत बसवून दाखवा. बसल्या तर ठेवा. नाही बसल्या तर जमा.’

नानांनी ताबडतोब हात पुढे केला. ‘ठरलं! शब्द म्हणजे शब्द.’ त्यांच्या डोळ्यांपुढे आमटीची वाटी होती.

नानी आत गेल्या आणि देवापुढची तुपाची वाटी घेऊन आल्या! लिंबाएवढी.

‘ही कुठली वाटी?’

‘वाटी म्हणाले होते मी. आमटीची कुठं म्हणाले?’

*

आमच्यातले दुसाने शेठ सराफ. सोन्याचा काटा त्यांचा, म्हणून पावडर मोजायचं काम त्यांचं. ते काटा मांडायला लागले की पंखा बंद, खिडकी बंद, बोलणं बंद. एकदा मी जांभई दिली तर म्हणाले, ‘दोन कण गेले तुमच्या पोटात.’

एका रविवारी त्यांनी पंधरा काडतुसं भरून आणली. एकेक वजन सुवाच्य अक्षरात लिहिलेलं. नानांनी झाडली तर पंधराच्या पंधरा कागदाच्या खाली, मातीत! नाना डोळे पुसतात, रायफल पुसतात, चष्मा पुसतात.

आमचे चौथे गडी वाघ. अंबडला टूलरूममध्ये आहेत, आयुष्य मायक्रॉनमध्ये गेलंय. त्यांनी एक काडतूस उघडून पावडर तोलली. कमी! दुसरं उघडलं. तेवढीच कमी!

‘शेठ, हे काय?’

शेठनी कागद पाहिला, कपाळावर हात मारला. ‘अहो, सवय! घट धरली मी!’

जुना दागिना मोडायला आला की वजनातून घट कापायची. चाळीस वर्षांचा हात तो. पावडर समोर आली, त्यानं कापली!

वाघ म्हणाले, ‘शेठ, मजुरी पण लावली असेल तर आत्ताच सांगा.’

*

वाघांचं वेगळंच. काडतूस दाबून बसवायचा साचा त्यांनी स्वतः लेथवर केला. त्याला ड्रॉइंग, ड्रॉइंगला नंबर, नंबराखाली चौघांच्या सह्या. साचा झाला सुंदर. पण काडतूस नळीत जाताना किंचित अडखळायचं. वाघ म्हणाले, ‘माझा साचा चुकणार नाही. रायफल द्या.’

दोन तास मापं घेतली. आम्ही मिसळ खाऊन आलो तर टेबलावर रायफल, तिला दोऱ्यानं बांधलेलं लाल लेबल आणि लेबलावर ‘रिजेक्ट’.

नानांचा आवाज चढला. ‘माझ्या आजोबांच्या रायफलीला रिजेक्ट?’

‘ड्रॉइंगप्रमाणे नाही, नाना.’

‘आरे, ती तुझ्या ड्रॉइंगच्या आधी जन्मली! तुझ्या कंपनीच्या आधी जन्मली! अंबडला कुसळं होती तेव्हा ती बार काढायची!’

वाघांनी शांतपणे लेबल पालटलं. मागे लिहिलं, ‘सवलतीत पास.’ आणि सहीला पेन पुढे केलं.

*

माझं काम सोपं होतं. वेगवेगळ्या वजनाच्या काडतुसांना खुणेसाठी रंगाचा ठिपका द्यायचा. मी बायकोच्या नेलपॉलिशच्या तीन बाटल्या उचलल्या. एक लाल, एक लाल आणि एक लाल. बाटलीत वेगळे दिसत होते हो! वाळल्यावर तिन्ही भाऊ-भाऊ.

रेंजवर पाच गोळ्या पोळपाटाच्याही आत लागल्या. तोपर्यंतचा विक्रम! नाना नाचायचेच बाकी होते. ‘कुठली भरती होती ही?’

‘लाल,’ मी म्हणालो.

वाघांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता माझ्या गळ्यात लेबल येतं. शेवटी तिन्ही भरतींची एकेक पुंगळी, विक्रमाची मधे, अशी मांडून फोटो बायकोला पाठवला. मिनिटात उत्तर आलं, ‘डावीकडची ब्रिक, मधली रस्ट, उजवीकडची माझी आवडती होती, परत आणून द्या.’

विक्रम रस्टचा होता. ठिपक्याला आता तोच रंग हवा, म्हणून नाना दुसऱ्या दिवशी रिकामी बाटली घेऊन मेन रोडवरच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, ‘आजोबा, आजींना हाच शेड पाहिजे का? यात दुसरे पण छान आहेत.’

‘नाय नाय, हाच दे. याच्या गोळ्या लय सरळ जातात!’

*

दसऱ्याला नानींनी शस्त्रपूजा केली. रायफलीला हळद-कुंकू, पाटावर मांडलेल्या पाच काडतुसांनाही बोट लावलं. पुढच्या रविवारी नानांनी तीच पाच झाडली आणि ती बशीत बसली! वाटीत नाही, पण चहाच्या बशीत.

आमचा एक नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललं ते वहीत लिहायचं. वाघांनी वही उघडली. गोळी तीच. पावडर तीच. बदललं काय? त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘कुंकू.’ आणि थेट नानींचं घर गाठलं.

‘नानी, कुंकू किती लावता?’

‘चिमूटभर.’

‘चिमूट म्हणजे नक्की किती?’

नानींनी नानांकडे पाहिलं. ‘हे तुमचे मित्र?’

तरी दुसाने शेठनी काटा मांडलाच. नानींची एक चिमूट तोलली. दुसरी तोलली. तिसरी तोलली. मग काट्याच्या तळाशी काही अडकलंय का ते वाकून पाहिलं. तिन्ही वेळा काटा त्याच आकड्यावर!

‘चाळीस वर्षं धंद्यात आहे,’ शेठ हळूच म्हणाले, ‘पण असा हात दुकानात ठेवायला मिळाला नाही.’

‘मीठ घालते मी रोज,’ नानी म्हणाल्या. ‘आता उठा सगळे. आणि यांना घेऊन जा. रिटायर झाल्यापासून हा माणूस दर अर्ध्या तासानं डबे उघडून बघायचा. काडतुसं सुरू झाली तेव्हापासून दुपार माझी असते.’

*

मुदतीच्या आतला शेवटचा रविवार. तोवर आम्ही बशीच्या आत आलो होतो, वाटीच्या बाहेर होतो. नानी पहिल्यांदाच रेंजवर आल्या. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली वाटी.

नाना तिसऱ्या लेनवर आडवे झाले. शेजारच्या चौथ्यावर वाघ आपल्या बारीक मापाच्या रायफलीनं सराव करत होते. पाच गोळ्या झाडल्या, उठले. मग नाना एकटेच. पहिली. दुसरी. घाम पुसला. तिसरी. चौथी. मग बराच वेळ काहीच नाही. नानांचा श्वास आम्हाला ऐकू येत होता. पाचवी.

गोळीबार बंदचा इशारा झाला, आम्ही कागदांपाशी गेलो. नानांच्या कागदावर चार भोकं. अशी जवळजवळ की वाटीत टाकून वर तूप वाढायला जागा उरेल! पाचवं भोक नाही.

शेठ भिंग लावून म्हणाले, ‘एकाच भोकातून दोन गेल्या असतील.’

वाघांचा कॅलिपर तयारच होता. ‘नाही. चारही भोकं एकाच मापाची. दोन गेल्या असत्या तर एक अंडाकृती झालं असतं.’

‘अहो, इतक्या बारकाव्यानं बघायचं असतं का?’ मी म्हणालो.

‘मग कशानं बघायचं? डोळ्यानं?’

आमचं तिघांचं जुंपलं. नाना बाजूच्या दगडावर बसले. रायफल मांडीवर, हात तिच्या लाकडावर. ‘भांडू नका रे. चारच हायेत. शेवटच्या वेळी डोळ्यात पाणी आलं, मला समोर नीट दिसलंच नाय. शब्द म्हणजे शब्द. उद्या जमा करतो.’

नानी कागदांपाशी उभ्या होत्या. तिसरा पाहिला, चौथा पाहिला, पुन्हा तिसरा पाहिला. मग वाटी काढून नानांच्या कागदावर उपडी ठेवली.

‘पाच आहेत,’ त्या म्हणाल्या.

‘अगं, चार...’

‘मोजल्या मी. पाच. वाटी माझी, मोजणार मी. ऊन चढलंय, चला घरी.’

वाघ कॅलिपर उचलून काही बोलणार, तेवढ्यात नानींनी त्यांचाच कागद चौकटीवरून ओढून काढला. ‘हा असाच फेकणार ना? जाड आहे. बरणीखाली घालायला होईल.’ आणि चार घड्या घालून पर्समध्ये टाकला. परवान्याचा अर्ज सोमवारी गेला.

महिन्यानं नानांकडे जेवायला गेलो होतो. नाना बाहेर गॅलरीत रायफलीला तेल देत होते. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर नानींनी वाढायला लोणच्याची बरणी उचलली होती. खाली वाघांचा कागद. कोपऱ्यात वाघांचं नेटकं अक्षर: ‘लेन चार. पाच राउंड.’

मी उगाच भोकं मोजली. पाच बारीक. आणि त्यांच्यापासून बोटभर अंतरावर एक जाड.

मी वर पाहिलं. नानींनी बरणी परत तिच्या जागी ठेवली, नीट मधोमध.

‘कैरीचं वाढू की लिंबाचं?’